पोकर सिरीजला निघालात? आधी या चुका टाळा

गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनो जहाजांवर पोकरची सिरीज लागली की पुण्या-मुंबईकडून जाणाऱ्या मंडळींत दोन प्रकार हमखास दिसतात. एक, वर्षानुवर्षं शनिवारच्या घरगुती टेबलावर मित्रांचे खिसे हलके केलेले. दुसरे, ॲपवर एका वेळी चार-चार टेबलं खेळून तयार झालेले. पत्ते दोघांनाही कळतात. तरी आठवड्याने परतताना दोघांचं गाऱ्हाणं एकच असतं: "काय करणार, एक्क्यांची जोडी फुटली!"

एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढेसुद्धा साधारण पाचांत एकदा फुटते, म्हणजे हरते. त्याला इलाज नाही. पण या सिरीज खेळताना आणि बाहेर पडल्यावर कठड्याला टेकून दुसऱ्यांचे खेळ बघताना मला जे दिसत आलंय ते वेगळं आहे. बहुतेकांचे पैसे जातात ते पत्त्यांशी फारसा संबंध नसलेल्या ठिकाणी. सिरीज म्हणजे आठवडाभरात दहा-बारा स्पर्धा: एक मेन इव्हेंट (मुख्य स्पर्धा), एखादा हाय रोलर (महाग प्रवेशाचा), बाकी साइड इव्हेंट (छोट्या स्पर्धा) आणि सॅटेलाइट (बक्षीस म्हणून मोठ्या स्पर्धेचं तिकीट देणाऱ्या). लोक मात्र ती दहा सुट्या रात्रींसारखी खेळतात, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

पैसे मोजताना फक्त बाय-इन (प्रवेशशुल्क) मोजणे

"मेन इव्हेंट ५०,००० चा आहे, तेवढे आहेत माझ्याकडे." हे वाक्य ऐकलं की समजावं, हा माणूस तिसऱ्या दिवशी मित्राला फोन करून पैसे मागणार आहे. आजकाल जवळपास प्रत्येक स्पर्धेत री-एन्ट्री, म्हणजे पुन्हा पैसे भरून बसायची सोय, असते. पहिल्या तासाभरात बाहेर पडलात, शेजारी डेस्क उघडं आहे, आणि आत्ताच ज्याने तुम्हाला उडवलं तो तुमच्याच चिप्स रचत बसलाय. अशा वेळी ‘पुन्हा खेळायचं का’ हा प्रश्न स्वतःला विचारण्यात अर्थ नसतो, उत्तर ठरलेलंच असतं. म्हणून तो निर्णय घरी घ्यायचा. कुठल्या स्पर्धेत किती एन्ट्री, हे निघण्याआधी कागदावर लिहा आणि त्या हिशेबाने पैसे धरा. प्रत्येक एन्ट्रीमागे आयोजकांची फी पुन्हा जाते, हेही त्यात आलं.

आता किती रिकामं यावं लागू शकतं ते बघा. मोठ्या स्पर्धांत साधारण १० ते १५ टक्के एन्ट्रींना बक्षीस मिळतं. लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये २०२४ च्या मेन इव्हेंटला १०,११२ एन्ट्री होत्या आणि पैसे मिळाले १,५१७ जणांना, म्हणजे १५ टक्के. प्रवेशशुल्क १०,००० डॉलर, सर्वांत लहान बक्षीस १५,००० डॉलर आणि पहिलं १ कोटी डॉलर. पैसा सगळा वरच्या टोकाला असतो.

हाच १५ टक्क्यांचा दर घेऊन दहा स्पर्धा खेळलात, तर एकाही स्पर्धेत कॅश न होण्याची, म्हणजे बक्षीस न मिळण्याची, शक्यता जवळपास २० टक्के निघते. तुम्ही चांगले खेळता आणि २० टक्के वेळा कॅश होता असं धरलं, तरी ती ११ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे चांगल्या खेळाडूचीही दर नऊ-दहा सिरीजमधली एक पूर्ण कोरडी जाणार, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नसणार. एवढं मनाशी पक्कं असलं की चौथ्या दिवशी ‘आता वसूल केलंच पाहिजे’ म्हणून हाय रोलरमध्ये उडी मारायची हुक्की येत नाही. घराचा हप्ता, मुलांची फी, कार्डावरची उधारी यांतून आलेला पैसा या यादीत बसतच नाही. तो आणायचा असेल तर जहाजावर चढूच नका.

स्ट्रक्चर शीट न वाचणे

स्पर्धेचं वेळापत्रक सगळे बघतात, स्ट्रक्चर शीट फार थोडे. सुरुवातीला चिप्स किती, ब्लाइंड (दर डावात दोघांनी पत्ते बघण्याआधीच भरायच्या सक्तीच्या रकमा, लहान ती स्मॉल आणि मोठी ती बिग) कसे चढतात, लेव्हल (ब्लाइंड वाढेपर्यंतचा टप्पा) किती मिनिटांची, लेट रजिस्ट्रेशन (उशिराचा प्रवेश) कधी बंद होतं, हे सगळं त्या एका पानावर असतं.

हल्ली ॲन्टी (दर डावाची आणखी एक सक्तीची रक्कम) बहुतेक ठिकाणी बिग ब्लाइंडवाला एकटाच सगळ्या टेबलाची भरतो. म्हणजे नऊ जणांच्या टेबलावर एक फेरी पूर्ण व्हायला तुम्हाला अर्धा स्मॉल ब्लाइंडचा, एक बिग ब्लाइंडचा आणि एक ॲन्टीचा, असे अडीच बिग ब्लाइंड लागतात. लाइव्ह टेबलावर तासाला २५ ते ३० हात (डाव) पडतात. लेव्हल अर्ध्या तासाची असेल तर त्यात १२ ते १५ हात, म्हणजे दीड फेरी. काही न खेळता नुसतं बसून राहिलात तरी एका लेव्हलला जवळपास चार बिग ब्लाइंड गेले, आणि पुढच्या लेव्हलला उरलेला स्टॅक (तुमच्यासमोरच्या चिप्स) आणखी लहान दिसणार. ३०,००० चिप्स १००-२०० च्या ब्लाइंडला १५० बिग ब्लाइंड असतात; त्याच ३०,००० चिप्स १,०००-२,००० ला फक्त १५. ‘माझ्याकडे अजून सुरुवातीचा स्टॅक आहे’ या वाक्याला म्हणून काही अर्थ नाही. चिप्स मोजू नका, बिग ब्लाइंड मोजा.

वेगासच्या मेन इव्हेंटला ६०,००० चिप्स आणि दोन-दोन तासांच्या लेव्हल असतात. तिथले हात व्हिडिओत बघून इकडच्या अर्ध्या तासाच्या साइड इव्हेंटमध्ये तसाच संयम दाखवणारे लोक काही कळायच्या आत दहा बिग ब्लाइंडवर येतात.

लेट रजिस्ट्रेशनच्या शेवटच्या मिनिटाला एन्ट्री घेण्याचं सध्या फॅड आहे. मुरलेले लोक ते विचार करून घेतात. १५-२० बिग ब्लाइंडवर कुठून शोव्ह करायचं, म्हणजे सगळ्या चिप्स लावायच्या, हे त्यांना पाठ असतं. तुम्हाला ते पाठ नसेल तर वेळेवर बसा. सुरुवातीच्या खोल स्टॅकच्या लेव्हलमध्येच नवखे जास्त चुका करतात, आणि नेमक्या त्या वेळी तुम्ही हॉटेलवर झोपलेले असता.

ॲपची सवय टेबलावर आणणे

ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि पैसे लावून खेळायची भारतीय पोकर ॲप्स बंद झाली. तिथे वाढलेली पोरं आता थेट जहाजावर येतात. त्यांचं गणित पक्कं असतं, पण बसवत नाही. ॲपवर मिनिटाला चार-चार निर्णय, इथे दोन मिनिटांना एक हात आणि तोही टाकून देण्यासारखा. मग सुरू होतो मोबाइल, आणि थोड्या वेळाने ‘चला, बघू’ म्हणून गुलाम-सत्त्यासारखे कमजोर पत्ते. परदेशी साइटवर क्रिप्टोने पैसे टाकून सराव चालू ठेवणारेही आहेत. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला कोणी नाही, एवढंच त्यावर बोलतो.

कंटाळ्यावर उपाय एकच: तुम्ही ज्या हातात नाही ते हात बघा. शोडाउनला, म्हणजे शेवटी पत्ते उघडताना, कोणी काय दाखवलं, कोणत्या जागेवरून रेज केलं (रक्कम वाढवली) होतं, बेट (लावलेली रक्कम) किती होती. दोन तासांत तुमच्या डावी-उजवीकडचे चौघे कसे खेळतात ते कळतं, आणि ॲपवरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा ते जास्त कामाला येतं.

दुसरी अडचण पॉटची, म्हणजे मधे जमलेल्या चिप्सची. स्क्रीनवर तो लिहिलेला असतो. इथे नो-लिमिटमध्ये (बेटवर कमाल मर्यादा नसलेल्या खेळात) डीलर पॉट मोजून सांगत नाही. फार तर चिप्स पसरून दाखवेल, मोजायचं तुम्ही. समोरच्याचा स्टॅकही तुम्हाला ऑल-इनला (त्याने सगळ्या चिप्स लावल्यावर) उत्तर द्यायचं असेल तेव्हाच मोजून मिळतो, एरवी नजरेने अंदाज. म्हणून पहिल्या बेटपासून मनात बेरीज चालू ठेवायची सवय लावून या. घरी पत्ते घेऊन डीलर व्हा आणि बेटिंगच्या प्रत्येक टप्प्यावर पॉट मोठ्याने सांगा, आठवड्याभरात जमतं.

नियम ‘माहीत असतीलच’ असं धरणे

घरगुती टेबलावर ‘अरे, मला रेज करायचं होतं’ म्हटलं की चालतं. स्पर्धेत चालत नाही. एक प्रसंग डोळ्यांसमोर घडलेला सांगतो, असे दर सिरीजला घडतात.

ब्लाइंड ५००-१,०००. मधल्या जागेवरून एकाने २,५०० केले. त्याच्या डावीकडच्या तरुणाने काही न बोलता ५,००० ची एक चिप पुढे टाकली. डीलरने शांतपणे २,५०० सुटे परत दिले आणि म्हणाला, "कॉल." म्हणजे फक्त समोरच्याएवढीच रक्कम. तरुण म्हणाला, "नाही नाही, रेज आहे, पाच हजार." डीलरने मान हलवली आणि फ्लोअरला, म्हणजे नियमांचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला, हाक मारली. फ्लोअर आला, एकच प्रश्न विचारला: "चिप टाकायच्या आधी तोंडाने रेज म्हटलंत का?" म्हटलं नव्हतं. कॉलच राहिला. मागून बिग ब्लाइंडवाला स्वस्तात आत आला, फ्लॉपला (टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांवर) त्याला दोन जोड्या लागल्या, आणि राजांची जोडी घेऊन बसलेल्या त्या तरुणाचा अर्धा स्टॅक गेला. पुढचा तासभर तो नियमाला शिव्या देत होता. नियम जगभर तोच आहे: समोर बेट असताना न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉल.

त्यामुळे आधी तोंडाने बोला, मग हात हलवा. ‘रेज’ म्हणा, आकडा सांगा, मग निवांत चिप्स मोजा. थोड्या चिप्स ठेवून पुन्हा स्टॅककडे हात नेलात तर ती स्ट्रिंग बेट होते आणि दुसरा घास धरला जात नाही. मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे, दिसतील अशा ठेवा. मागे लपवलेल्या मोठ्या चिपवरून होणारी भांडणं फार वाईट असतात. डीलरच्या लगतच्या दोन्ही खुर्च्यांवर बसणाऱ्यांनी पत्त्यांवर एक चिप ठेवायलाच हवी, कारण डीलरचा हात टाकलेले पत्ते गोळा करताना तुमचेही ओढून नेऊ शकतो आणि मग बहुतेक वेळा भरपाई नसते.

मराठी मंडळींसाठी खास एक गोष्ट. हात चालू असताना टेबलावर कोणती भाषा चालेल ते आयोजक ठरवतात, बहुधा इंग्रजी किंवा हिंदी. एकाच टेबलावर दोन मित्र आले आणि एकाने दुसऱ्याला सहज "टाकून दे रे, त्याच्याकडे आहे" म्हटलं की संपलं. ताकीद मिळते, पुन्हा झालं तर काही हात बाहेर बसावं लागतं. वाक्य निरुपद्रवी होतं हे फ्लोअरला कसं कळणार? शिवाय ते निरुपद्रवी नव्हतंच. चालू हाताबद्दल तुम्ही कोणत्याही भाषेत सल्ला देऊ शकत नाही.

बबलवर चिप्सचा हिशेब करणे, पैशांचा नाही

बबल म्हणजे बक्षिसं सुरू होण्याच्या अगदी आधीची वेळ. या एका ठिकाणी जेवढे पैसे जातात तेवढे अख्ख्या सिरीजमध्ये दुसरीकडे कुठे जात नसतील.

सोपं उदाहरण घ्या. चार जण उरलेत, चौघांच्या चिप्स सारख्या. बक्षिसं तीनच: १०० रुपयांतले ५०, ३० आणि २०. प्रत्येकाचा वाटा आत्ता २५ रुपयांचा. एकाने ऑल-इन टाकलं, तुम्ही कॉल करू शकता. ब्लाइंड क्षणभर बाजूला ठेवू. जिंकलात तर चिप्स दुप्पट होतील, पण वाटा दुप्पट होत नाही. आयसीएमच्या (चिप्सवरून बक्षिसातला वाटा काढायच्या पद्धतीच्या) हिशेबाने तो ३८.३३ होतो. हरलात तर शून्य. म्हणजे कॉल परवडायला तुम्ही ६५ टक्के वेळा जिंकायला हवं. चिप्सच्या हिशेबाने ५० टक्के पुरले असते.

६५ म्हणजे किती? समोरच्याने पत्ते न बघता शोव्ह केलं असेल तरी वेगवेगळ्या रंगांच्या एक्का-राजाला साधारण तेवढेच टक्के मिळतात. आणि त्याने एक्का-राजा उघडा करून दाखवला, तुमच्याकडे राण्यांची जोडी असली, तरी तुम्ही ५७ टक्क्यांच्या आसपास. राण्या टाकायच्या! घरगुती टेबलावर हे कोणी पटवून घेणार नाही, पण आकडे असेच आहेत.

याची दुसरी बाजू लोक विसरतात. कॉल करणाऱ्याला ६५ लागतात म्हणजेच शोव्ह करणाऱ्याला मोकळं रान आहे. बबलवर मोठा स्टॅक घेऊन गप्प बसणं ही तितकीच मोठी चूक. मधल्या स्टॅकवाल्यांना दाबा, आणि तुम्हाला उडवू शकणाऱ्या दुसऱ्या मोठ्या स्टॅकशी विनाकारण भिडू नका. अगदी शॉर्ट, म्हणजे थोड्याच चिप्स उरलेल्यापासूनही जपून, त्याच्याकडे गमवायला काही उरलेलं नसतं.

सॅटेलाइटमध्ये हेच टोकाला जातं. दहा तिकिटं आहेत, अकरा जण उरलेत, सगळ्या तिकिटांची किंमत सारखी. तुम्ही चिप्समध्ये दुसरे आहात आणि पहिल्याने ऑल-इन टाकलं. एक्क्यांची जोडीसुद्धा टाकून द्यायची अशी ही पोकरमधली जवळपास एकमेव जागा. तिकीट हातात आल्यातच जमा आहे, ते दोनदा मिळत नाही. तरी दर सॅटेलाइटला कोणीतरी एक्के घेऊन कॉल करतो आणि अकरावा येतो.

बस्ट झाल्यानंतरचे दोन तास

रात्री साडेअकराला बाहेर पडलात. खाली रूलेट, अंदर-बाहर, फुकट पेय, गाणी. मित्र अजून खेळतोय, तोवर काय करायचं? एकेरी शून्याच्या रूलेटवर प्रत्येक १०० रुपयांमागे घर सरासरी २.७० रुपये घेतं आणि त्याला तुमच्या कौशल्याशी देणंघेणं नसतं. दिवसभर एकेक बिग ब्लाइंड वाचवणारा माणूस अर्ध्या तासात दोन बाय-इन त्या चाकावर घालवताना मी पाहिलाय, आणि तो काही अपवाद नव्हे. बाहेर पडलात की पहिली बोट पकडून किनाऱ्यावर जा.

मध्यरात्रीचा टर्बो, म्हणजे भराभर ब्लाइंड चढणारी स्पर्धा, हा त्याचाच सभ्य अवतार. दुसऱ्या दिवशी एखाद्या स्पर्धेचा डे-टू (खेळाचा दुसरा दिवस) असेल तर टर्बोकडे फिरकूही नका. दहा-बारा तास बसून, बुफेत दोनदा पोटभर जेवून आणि पहाटे चारला झोपून कोणी नीट पत्ते खेळत नाही. जेवणाच्या ब्रेकला थोडं खा, डेकवर फिरून या, पाणी पीत राहा. दारू संपूर्ण सिरीज बंद ठेवली तर उत्तम. निदान चिप्स समोर असताना नकोच.

बारीकसारीक, पण महागात पडणारं

कॅसिनोत वय २१ पूर्ण लागतं, ओळखपत्र मूळ न्या, पॅनही जवळ ठेवा. बहुतेक ठिकाणी पुरुषांना हाफ पँट आणि चप्पल चालत नाही, आणि गोव्याला म्हणून नेमकं तेवढंच बॅगेत भरलेले लोक असतात. जहाज नदीत उभं असतं, जेटीवरून छोट्या बोटीने जावं लागतं आणि शनिवारी संध्याकाळी तिथे रांग लागते. डे-टूला तुमच्या चिप्स टेबलावर असतात आणि तुम्ही जेटीवर असलात तरी ब्लाइंड कापले जातात. एसी कडक असतो, जॅकेट हवंच.

दिवस संपताना बॅगिंगची (चिप्स पिशवीत भरून जमा करायची) घाई करू नका. चिप्स रंगानुसार रचून दोनदा मोजा, पिशवीवरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा जुळतो का बघा, नाव-सही स्वतः करा, पावतीचा फोटो काढा.

डील आणि टक्के तोंडी ठरवणे

फायनल टेबलला तिघे उरले की डीलची, म्हणजे बक्षिसं आपसांत वाटून घेण्याची, भाषा सुरू होते. बक्षिसं ५, ३ आणि २ लाख आणि चिप्सही नेमक्या ५०, ३० आणि २० टक्के आहेत असं धरा. चिप लीडर म्हणेल, "चिप्सप्रमाणे वाटू." म्हणजे प्रत्येकाला २ लाख बाजूला काढून उरलेले ४ लाख चिप्सच्या प्रमाणात: ४,००,०००, ३,२०,००० आणि २,८०,०००. आयसीएमने हेच साधारण ३,८३,९००, ३,२७,५०० आणि २,८८,६०० येतात. चिप्सप्रमाणे वाटण्यात लीडरचा १६,००० चा फायदा, आणि तो तुमच्या खिशातून. फ्लोअरकडे आयसीएमचा हिशेब मागा, बहुधा लगेच मिळतो. पटला नाही तर खेळा. डील कोणावर बंधनकारक नसते.

टक्के विकणाऱ्यांची भांडणं याहून कटू. मित्राने बाय-इनमधला निम्मा वाटा घेतला, तुम्ही १० लाख जिंकलात. कॅसिनो ३० टक्के टीडीएस कापून ७ लाख देतो. मित्र म्हणतो, निम्मे म्हणजे ५ लाख. तुम्ही म्हणता, साडेतीन. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात, फक्त कोणी आधी विचारलेलं नसतं. री-एन्ट्री त्या टक्क्यांत येते का, कर कोणाच्या माथी, मार्कअप (वाटा विकताना वर घेतलेली रक्कम) किती, पैसे कधी द्यायचे, हे खेळायच्या आधी व्हॉट्सॲपवर लिहून ‘ओके’ घ्या. दोन खेळाडूंनी आपसांत केलेल्या ५-५ टक्क्यांच्या स्वॅपलाही (अदलाबदलीलाही) हेच लागू.

कराचं शेवटचं. पत्त्यांच्या खेळातल्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के आणि त्या करावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के, टीडीएस ३० चाच कापला जातो, वरचा सेस विवरणपत्र भरताना द्यावा लागतो. १० लाखांवर तो १२,००० होतो. बाकीच्या नऊ स्पर्धांत भरलेले बाय-इन, हॉटेल, प्रवास यांतलं काहीही त्यातून वजा करता येत नाही आणि एरवीची करमुक्त मर्यादाही इथे लागू होत नाही. म्हणजे सिरीजभर ३ लाख घालून एका स्पर्धेत ४ लाख जिंकलात, तर हातात नफा दिसतो १ लाख आणि कर बसतो ४ लाखांवर. टीडीएसचं प्रमाणपत्र मागून घ्या, आयकर पोर्टलवर तुमच्या टीडीएसच्या नोंदीत ती रक्कम चढली का ते तपासा आणि बक्षिसाच्या पावतीसोबत तुमच्या सीएकडे द्या.